नव्या इंजिनाचं माप

मिस्त्रींनी माझा कागद हातात घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, वरपासून खालपर्यंत नीट वाचला आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. कागदावर मी बुशची, म्हणजे इंजिनातल्या एका ब्राँझच्या कड्याची, आकृती काढली होती. बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, तेलाच्या भोकाची जागा आणि प्रत्येक मापापुढे किती कमी-जास्त चालेल त्याचे आकडे. आमच्या कंपनीत असा कागद हातात पडला की ऑपरेटर पुढचं काही विचारत नाही. मिस्त्रींनीही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "ताई, हे नव्या इंजिनाचं माप झालं. तुमच्या इंजिनाचं आणा." आणि पुन्हा लेथकडे वळले. नाशिकच्या द्वारका चौकामागच्या त्या गल्लीत, उड्डाणपुलावरून कंटेनर धडधडत जात असताना, मी रिकामी फाइल धरून उभी. राग आला नाही, पण ते वाक्य काही सुटेना. घरी मेथी निवडताना, दुसऱ्या दिवशी अंबडच्या बसमध्ये, रात्री डोळा लागता लागता ते परत यायचं. कंपनी तीच, मॉडेल तेच, भाग तोच. मग नव्याचं माप वेगळं आणि आमच्याचं वेगळं, म्हणजे काय? उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कधी कुणी मला असं तोंडावर विचारलं नव्हतं.

इंजिन तसं माझं नव्हेच, मामाचं. निफाड तालुक्यात विहिरीच्या काठावर पत्र्याची खोली आहे, त्यात ते बसलेलं. लिस्टर. थेट इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्ली गावचं. आजोबांनी ते एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतून उचललं आणि बैलगाडीवर घालून आणलं. ते खाली उतरवायला निम्मा गाव लागला होता, असं आजी सांगायची. निम्म्या गावाला तिनं चहा केला होता म्हणून तिच्या लक्षात. आसपासच्या विहिरींवर किर्लोस्करची इंजिनं, आणि आमच्याच विहिरीवर हे दोन थोरल्या चाकांचं धूड. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. आजच्या इंजिनांपुढे ते चालत नाही, विचार करत बसतं असं वाटेल. मॉडेलचं नाव सीएस, म्हणजे कोल्ड स्टार्ट: कडाक्याच्या थंडीत, काहीही न तापवता, हातानं हँडल मारून सुरू होणारं. इंग्लंडच्या हिवाळ्यासाठी केलेली ही सोय निफाडला फार उपयोगी पडली. थंडीची लाट आली की राज्यभरच्या बातम्यांत आमच्या तालुक्याचा पारा सांगतात, पण त्या पाऱ्याखाली द्राक्षाचे घड लटकत असतात हे फक्त बागवाल्यालाच कळतं. पहाटे मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि विहिरीचं पाणी सोडायचं. ते पाणी त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं, त्यातून वाफ निघताना दिसते. आणि वीज नेमकी तेव्हाच गेलेली.

अशा पहाटे आजोबा मला उठवून न्यायचे. माझं काम एकच. इंजिनाच्या डोक्यावर एक दांडी असते, ती उचलून ठेवली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, आतली हवा दाबली जात नाही आणि चाक फिरवता येतं. आजोबा दोन्ही पाय रोवून हँडल मारायचे, चाकं आधी कुरकुरत आणि मग आपल्याच वजनानं फिरायला लागायची. चांगला वेग आला की ते ओरडायचे, "टाक!" मी दांडी खाली टाकायची. एक दणका, मग थोडा वेळ काहीच नाही, मग दुसरा, तिसरा, आणि पत्र्याच्या नळीतून काळ्या धुराचं वेटोळं. खोलीत डिझेलचा, ओल्या गोणपाटाचा आणि आजोबांच्या कानटोपीला लागलेल्या शेकोटीचा वास. पुढं मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला तेव्हा डीकॉम्प्रेशन वगैरे शब्द आले. हाताला ती दांडी आधीपासून माहीत होती.

गेल्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला, "इंजान ठोकू राहिलं."

ठोका अनेक प्रकारचा असतो. मोठ्या बेअरिंगचा ठोका जड आणि बसका, तो पायातून येतो. हा वेगळा होता. हलका, टणत्कारी, इंजिन रिकामं चालत असताना जास्त ऐकू येणारा, लागोपाठ दोनदा वाजल्यासारखा. मामानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरला लावून मूठ कानाला टेकवली होती आणि निदान आधीच करून ठेवलं होतं: कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यातला बुश गेला. पिस्टन ज्या पिनीवर झुलतो, ती पिन ज्या ब्राँझच्या कड्यात फिरते, ते कडं. मामेभावानं राजकोटचा तयार बुश मागवला. तिथं लिस्टरच्या धर्तीची इंजिनं वर्षानुवर्षं बनत आली आहेत, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि स्वस्तही असतात. बुश आला, छान पिवळाधमक. रॉडच्या डोळ्यात घातला तर बोटानं आत जाऊन खुळखुळायला लागला. जो हातोडीनं किंवा प्रेसनं ठोकून बसवायचा, तो खुळखुळा. मामेभाऊ म्हणाला, बघा, आता तरी विका हे धूड. वरखेड्याच्या भंगारवाल्यानं किलोमागे भाव सांगितलाय. मामा काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. मग मला फोन. तू मापाचंच काम करतेस ना, तर कर काहीतरी.

करते, मापाचंच काम करते. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला. माझी खोली बाहेर मे महिना पेटलेला असतानाही २० अंशांवर ठेवलेली असते, कारण जगभरची मापं त्याच तापमानाला धरायची असा संकेत आहे. ४२ अंशांच्या उन्हातून आत जाऊन मी स्वेटर घालते. नव्या मुली हसतात आणि आठवड्याभरात स्वतःचा घेऊन येतात. माझ्यापुढे ट्रेमधून एकसारखे भाग येतात, मशिनची माणकाच्या टोकाची सुई त्यांना जिथं तिथं शिवते, पडद्यावर हिरवं किंवा लाल उमटतं. पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश, बाहेर गेला तर मी तो भाग बाजूला काढते. त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. इथं बनलेला भाग चाकणला किंवा चेन्नईला कुणीही, काहीही न घासता, न ठोकता बसवू शकतो, ही माणसानं केलेली फार मोठी करामत आहे आणि तिच्या नावानं नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा तिच्याशिवाय दवाखान्यातलं व्हेंटिलेटर दुरुस्त करून दाखवावं. हातानं केलेलं ते सगळं चांगलं, असं मी मानत नाही. हातानं केलेलं पुष्कळसं वाईट असतं आणि ते कुणीतरी सोसत असतं.

पण तयार बुश खुळखुळत होता, हेही खरंच होतं. रविवारी मामाकडे जाऊन आम्ही रॉड काढला. जुना बुश बाहेर आला तशी त्याच्यामागून पातळ पत्र्याची एक पट्टी निघाली, काळी पडलेली. रॉकेलमध्ये धुतली तर तिच्यावर पिवळा-हिरवा रंग आणि माडाच्या झाडाचा तुकडा दिसला. डालड्याचा डबा. कधीतरी आधीचा एखादा बुश डोळ्यात गरगर फिरला असणार, त्यानं पोलादाचा डोळा खाल्ला असणार, आणि आजोबांनी, किंवा गिरणीवाल्यानं, डालड्याचा पत्रा कापून त्या सैल जागेत घालून पुढची कित्येक वर्षं काढली असणार. मामेभावानं ती पट्टी बाहेर काढून फेकली नाही, खिशात ठेवली. डोळ्यात मी कंपनीतून मागून आणलेला बोअर गेज, भोकाचा आतला व्यास मोजणारा, फिरवला. आडवं माप वेगळं, उभं वेगळं. मिस्त्रींनी खिशात ठेवलेल्या कागदाशी या डोळ्याचा काहीही संबंध नव्हता. डर्स्लीच्या कुणा ड्राफ्ट्समननं ठरवलेलं माप या रॉडनं केव्हाच सोडून दिलं होतं.

मिस्त्रींची माहिती मला तुटकतुटक मिळाली, बरीचशी चहा येईपर्यंतच्या वेळात. सिन्नरकडचे. सातपूरच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, मग एका कारखान्यात अप्रेंटिस, तिथंच कायम. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं आली तेव्हा कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मिळालेल्या पैशात त्यांनी हा लेथ घेतला, हरिहरला बनलेला म्हैसूर किर्लोस्करचा एंटरप्राइझ, तोही जुना, कुणाच्या तरी लिलावातला. नाशिक असं शहर आहे की प्रत्येकाचा कुणीतरी मायकोत (आताच्या बॉशमध्ये), कुणीतरी नोटांच्या प्रेसमध्ये आणि कुणीतरी ओझरला एचएएलमध्ये असतो. ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ चा, आणि सातपूरला मायकोत डिझेलचे नॉझल. आमच्या शेजारी मायकोतून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांनी मला डिप्लोमाच्या वेळी सांगितलेलं एक वाक्य तिथं, त्या शेडमध्ये, मला आठवलं: नॉझलची सुई आणि तिची बॉडी यांची ताटातूट करायची नाही. दोघींमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते, ती मापानं नाही, एकमेकींवर घासून जुळवलेली असते. दुसऱ्या नॉझलची तशीच दिसणारी सुई घातली तर गळते नाहीतर अडकते. म्हणजे लाखांनी माल काढणाऱ्या कारखान्यातही जोडीनं जन्मलेल्या आणि जोडीनंच मोडीत जाणाऱ्या वस्तू आहेत. हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. मिस्त्रींनी कागद खिशात घातला तो यासाठीच, हे समजायला मला आठवडा लागला.

रॉड, पिन, पिस्टन सगळं पोत्यात बांधून नेलं. मिस्त्री खूश दिसले. त्यांनी आधी माझी ओढणी काढून पिशवीत ठेवायला लावली. लेथच्या जवळ लोंबणारं काही नको. स्वतः ते उन्हाळा-हिवाळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतात, आणि चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या फिरत्या जबड्याची, चावी हातातून सुटली की पाट्यावरच जाते, चकमध्ये कधी राहत नाही. मग पिन घेतली. मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी फिरवून दोनदा. पिन मध्यभागी झिजली होती, टोकांना नव्हती. इथं मला एक गोष्ट नव्यानं उमगली. बसवताना पिनीची न झिजलेली टोकं बुशमधूनच पार व्हायची असतात, म्हणून भोक टोकांच्या मापाचं ठेवावं लागतं. मधला झिजलेला भाग जेवढा खाली गेलाय तेवढा सैल राहणारच. "पाऊण थाऊ खाल्लीय," ते म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी मनातल्या मनात त्याचे मायक्रॉन केले: एकोणीस. "चालवून घेऊ. नवी पिन टाकाल तर पिस्टनची भोकं मोठी झालीत, ती वाजतील. पिस्टन बदलाल तर लायनर बघावं लागंल. कुठं थांबायचं ते आधी ठरवा, मग मी चालू करतो." मामानं मान हलवली. पिनीवर थांबायचं ठरलं.

मग डोळा गोल केला. रॉड लेथच्या फेसप्लेटवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, बांधून, मोठ्या टोकाच्या भोकाला डायल लावून, तासभर नुसता टॅप करत बसले. वरचं भोक मोठ्या भोकाला समांतर आलं नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये तिरका घासतो आणि मग बुश किती का सुंदर असेना. काटा स्थिर झाल्यावर इतका बारीक कट मारला की कीस पिठासारखा उडाला. डोळा आता गोल होता, आणि मूळ मापाहून अंमळ मोठा. त्या मोठ्या मापाला जुळेल असा बुश जगात कुठल्याच दुकानात नव्हता.

धातू त्यांनी भंगारातून राखून ठेवलेल्या पोकळ बारमधून काढला. फॉस्फर ब्राँझ म्हणून बाजारात पुष्कळदा पितळच गळ्यात मारतात. त्यांनी बार चकमध्ये धरून तोंडावरून एक कट मारला आणि मला नवा चेहरा दाखवला: तांबूस, पिकल्या रंगाचा. पितळ असतं तर पिवळं जर्द दिसलं असतं. लहानपणी आजीबरोबर भांडी बाजारातून जाताना ती हंड्याच्या काठावर नख मारून रंग बघायची, ते मला आठवलं. दुकानदाराला ते आवडायचं नाही. ब्राँझला टूल वेगळं लागतं. पोलादाचं टूल वरून उतरतं घासलेलं असतं, ते ब्राँझमध्ये खेचलं जातं. ड्रिल तर स्क्रूसारखं आत घुसून जॉबसकट उचकटतं. म्हणून मिस्त्रींनी ड्रिलची धार दगडावर मुद्दाम बोथट केली आणि टूलचा माथा सपाट. मी आजवर धार काढणं हेच शिकलेले. धार कमी करून काम सुधारतं हे बघायला गंमत वाटली. कापताना आवाज पोलादासारखा सळसळ नव्हता. पोलादाचे निळसर पीळ लांबच्या लांब निघतात, बीड काळी भुकटी टाकतं. ब्राँझचे बारीक तुकडे तडतड उडून पत्र्याच्या ट्रेवर पडत राहिले आणि काही मिस्त्रींच्या उघड्या हातावर. ते हात काढत नव्हते. त्या हातावर जुने ठिपके होते.

लेथही झिजलेला होता. चकजवळ, जिथं रोज काम होतं, तिथं बेड खाली गेलाय. टूल वाहणारी कॅरेज तिथं आली की टूल किंचित खाली आणि मागे जातं, त्यामुळे चककडची बाजू केसभर जाड निघते. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू मधल्या भागात सैल आहे, डायल पाच दाखवतो तेव्हा टूल पाच जात नाही. हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांच्या हाताकडं बघून ओळखलं. हँडल पुढं नेताना ते नेहमी आधी दीड फेरा मागं घ्यायचे आणि मग एकाच दिशेनं वर यायचे. शेवटचा कट मारून झाल्यावर काहीही न वाढवता तेच टूल पुन्हा एकदा नुसतं फिरवून आणायचे, आणि त्या मोकळ्या फेरीतही थोडी भुकटी पडायची, म्हणजे आधीच्या फेरीत सगळंच थोडं वाकलेलं होतं. बुश मोजला तर चककडचं टोक खरंच अर्ध्या थाऊनं मोठं. मी भुवया उंचावल्या. त्यांनी बारीक टोकाकडे बोट केलं: "हे आधी आत जाईल. वाट करून देईल." लेथचा दोष त्यांनी बुशच्या कामाला लावला होता. आमच्याकडे हा भाग लाल झाला असता.

आतलं भोक त्यांनी मुद्दाम लहान ठेवलं. बुश दाबून बसला की तो आकसतो आणि भोक आणखी लहान होतं, त्यामुळे शेवटचं माप बसवल्यानंतरच. बाहेरचा व्यास डोळ्यापेक्षा दोन थाऊ मोठा. गरम असताना मोजायचं नाही हे मला सांगायची गरज नव्हती. ४० मिलिमीटरचा ब्राँझचा तुकडा ३० अंशांनी तापला तर वीसेक मायक्रॉन फुगतो, म्हणजे पाऊण थाऊ हवेतच. माझ्याकडे त्यासाठी एसी आहे. मिस्त्रींनी पिन, बुश, मायक्रोमीटर आणि रॉड एका पाटावर शेजारी शेजारी ठेवले आणि चहा सांगितला. चहा संपेपर्यंत सगळे एकाच गरमीचे झाले. वीस अंश नव्हे, पण एकच. मला तो पाट फार आवडला, आणि थोडी असूयाही वाटली.

दाबून बसवण्याआधी बुश थंड करायला हवा. शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये कुल्फीच्या काड्यांखाली मिस्त्रींचा एक प्लॅस्टिकचा डबा कायमचा असतो. तिथं बुश तासभर ठेवला. कोल्ड्रिंकवाल्याला ते नवं नव्हतं. बुश आत बसेपर्यंत एक मात्र बघायचं: वरचं तेलाचं भोक रॉडच्या भोकासमोरच यायला हवं. या इंजिनात तेलाचा पंप पिनीपर्यंत पोचत नाही. खालच्या बेअरिंगला लावलेली पळी तेलात बुडते आणि सगळीकडे तेल शिंपडत सुटते. त्यातले जे थेंब वरच्या भोकात पडतील ते पिनीचे. भोक आडवं गेलं की बुश कोरडा. मिस्त्रींनी रॉडवर आणि बुशवर पेन्सिलीची रेघ मारली, लांब बोल्ट आणि दोन जाड वॉशर घालून नट आवळत नेला, आणि बुश कुरकुर न करता आत गेला. मग रीमर, भोक केसाकेसानं मोठं करणारं हत्यार. प्रत्येक वेळी रीमरचा नट किंचित फिरवायचा, हातानं एक फेरा, पुसायचं, पिन घालून बघायचं. पिन टोकाशी अडली, मग अर्ध्यात, मग शेवटी तेल लावून अंगठ्यानं ढकलली तर सरकली आणि पिन उभी येईल असा रॉड आडवा धरला तरी पडली नाही. "दर इंचाला एक थाऊ," ते म्हणाले, पण पिन आत-बाहेर करताना ते आकड्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते.

माझ्या गेजनं मी मागाहून मोजलं. त्यांनी म्हटलं तितकंच निघालं. यात नवल वाटावं असं काही नाही, आणि मला नवल वाटलं नाही याचंच थोडं समाधान वाटलं.

हे सगळं लिहिताना मला माझाच संशय येतो. मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पहिलं पेर नाही. कान इतके गेलेत की चहावाल्या पोराला खुणांनी बोलावतात, आणि लेथच्या बाबतीत मात्र आवाजावरून टूल बोथट झालं हे ओळखतात. हे कसं जमतं ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्याकडे शिकायला कुणी नाही. त्यांचा मुलगा इंदिरानगरला मोबाइलच्या दुकानात आहे आणि माझा भाचा माझ्याकडे आला असता, मावशी, मी टर्नर होतो म्हणाला असता, तर मी त्याला काय सांगितलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. सीएनसी शीक म्हटलं असतं. एका बुशसाठी अख्खा दिवस. मजुरी सांगताना ते स्वतःच संकोचले आणि मी जास्त दिले तर त्यातले परत केले. मामेभावाचंही चुकत नाही. विहिरीवर सोलर पंप लागलाय, दिवसा पाणी चढतं, रात्री झोप मिळते. त्याच्या बापानं आणि आजोबांनी थंडीत ज्या पहाटे काढल्या, त्या त्यानं काढाव्यात असं काही नाही. इंजिन चालू ठेवायची गरज कुणालाच नव्हती. मी पैसे दिले, मामानं हट्ट धरला, मिस्त्रींनी दिवस घातला, आणि तिघांची कारणं तीन होती. मामाचं कारण कधी नीट कळलं नाही. तो म्हणाला एवढंच, "ठोकत होतं, ते मला ऐकवत नव्हतं."

निघताना मिस्त्रींनी रॉडच्या अंगावर, बोल्टच्या वरच्या कोरड्या जागेत, नंबरपंचनं डोळ्याचं नवं माप मारलं. पुढं कुणी उघडलं तर त्यानं बाजारातला बुश आणून रडू नये. मी त्याचा फोटो काढला आणि मामाच्या इंजिनाच्या नावानं एक फाइल केली. खिशात गेलेल्या कागदाच्या जागी आता तिच्यात खऱ्या मापांचा कागद आहे, अंडाकार डोळ्यासकट आणि झिजलेल्या पिनीसकट. आमच्या कंपनीच्या कुठल्याही नमुन्यात तो बसत नाही.

इंजिन पहिल्या हँडलला लागलं नाही, डिझेलच्या नळीत हवा राहिली होती. ती काढल्यावर लागलं. ठोका गेला होता. पण ठोका गेल्यावर त्याखाली दबलेले बाकीचे आवाज ऐकू यायला लागले: टॅपेटची टिकटिक, पाण्याच्या पंपाच्या पट्ट्याची शिट्टी. मामा कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, टॅपेट थोडं आवळायला हवं. मामेभाऊ कपाळाला हात लावून बाहेर गेला. मला वाटतं तो हसत होता.

मग डिसेंबर संपताना तिकडं थंडीची लाट आली. तीन दिवस ढगाळ, सोलरच्या पॅनेलवर ऊन नाही, आणि त्यातच डीपी जळाली. घडांत नुकतं पाणी भरत होतं. पहाटे साडेचारला फोन वाजला. मामाला ताप होता, तो झोपलेला. फोनवर मामेभाऊ होता, धापा टाकत. "ताई, ती दांडी आधी वर ठेवायची का खाली?" मागं वारा आणि शेकोटीचा तडतडाट. मी त्याला सांगितलं, वर. हँडल मार, चाकांनी वेग घेतला की मगच टाक, आणि टाकताना बायकोला जवळ उभं कर, एकट्यानं दोन्ही जमणार नाही. तो हो म्हणाला आणि फोन तसाच मातीत ठेवून गेला असावा. मी ओरडून पुढचंही सांगितलं, त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक: हँडल धरताना अंगठा मुठीभोवती गुंडाळू नको, चारी बोटांच्या बाजूलाच ठेव, उलटा फटका बसला तर हात सुटायला हवा.